पहिली ट्रायथलॉन आणि हातात फक्त सहा आठवडे

दिवाळीच्या फराळाला साडू घरी आला होता. चकली खाता खाता सहज बोलला की डिसेंबरात आपल्याकडेच ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं सलग) आहे, मी करतोय, आणि मग माझ्या पोटाकडे असं काही बघितलं की मी तिथल्या तिथे मोबाईल काढला, फॉर्म भरला, पैसे भरले आणि मोकळा झालो. वय ४१, दिवसभर बँकेतली खुर्ची, व्यायाम म्हणजे सकाळी कुत्र्याला फिरवून आणणं. रात्री कॅलेंडर बघितलं तर बरोबर सहा आठवडे उरलेले. मी ती रेस २ तास १४ मिनिटांत पूर्ण केली, शेवटून नववा की दहावा आलो, पण आलो. तुमच्यातही असे भरात फॉर्म भरून बसलेले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे सहा महिने आहेत त्यांनी सरळ कोच लावावा.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे. सायकल दमवायला लागली तर उतरून ढकलता येते, पळणं झेपेना तर चालता येतं, पाण्यात मात्र मधेच उतरायची सोय नाही. त्यामुळे सहा आठवड्यांतला वेळ आणि जीव पाण्यावर खर्च करा.

१. आधी बघा, फॉर्म नक्की कशाचा भरलाय

हसू नका, एका रेसमध्ये तीन-चार कॅटेगरी असतात आणि लोक घाईत चुकीचं बटण दाबतात. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. ऑलिम्पिक म्हणजे त्याच्या बरोबर दुप्पट, दीड किमी, ४० आणि १०. त्याच्यावर हाफ आयर्नमॅन, १.९ किमी, ९० आणि २१.१, तीन्ही मिळून ११३ किमी. गोव्यात मिरामारला २०१९ पासून सुरू झालेली ७०.३ ती हीच, ११३ किमीचे ७०.३ मैल होतात म्हणून तो आकडा. पूर्ण आयर्नमॅनचं तर नावच काढू नका. १९७८ साली हवाईत पहिली झाली तेव्हा १५ जण उतरले आणि त्यातले १२ पोचले, यावरून काय ते समजा.

सहा आठवड्यांत फक्त स्प्रिंट. चुकून ऑलिम्पिक भरलं असेल तर आजच मेल टाकून कॅटेगरी बदलून घ्या, खाली उतरायला आयोजक शक्यतो नाही म्हणत नाहीत.

पोहता अजिबात येत नसेल तर ड्युएथलॉन बघा (पळणं-सायकल-पळणं), नाहीतर रिले, ज्यात एकजण पोहतो, दुसरा सायकल मारतो, तिसरा पळतो. शून्यातून पोहणं शिकून सहा आठवड्यांत तलावात उतरणारे असतील कुठेतरी, मी तुम्हाला तसं करा म्हणणार नाही.

आणि दुसऱ्याच्या बिबवर (अंगावर लावायचा नंबर) उतरायचं नाही. "अरे माझा एक मित्र येत नाहीये, तू जा त्याच्या नंबरवर" असं म्हणणारे भेटतात. पाण्यात काही झालं तर तुमच्या नंबरपुढे रक्तगट त्याचा आणि घरचा फोन त्याच्या बायकोचा.

२. डॉक्टर आणि कागदपत्रं

चाळिशीच्या पुढे असाल, बीपी, शुगर, दमा असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा की गार पाण्यात उतरून जोर काढायचा आहे. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात, आणि त्यात चांगले पोहणारेही असतात. माझ्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, मग स्ट्रेस टेस्टला पाठवलं, मग सही केली. वर पोटाबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

साधारण हे लागतं:

- आधार कार्ड किंवा दुसरा फोटो असलेला पुरावा, ओरिजनल
- रजिस्ट्रेशनचा मेल, प्रिंट काढूनच ठेवा, तलावाकाठी रेंज नसते
- मेडिकल सर्टिफिकेट, आयोजकांचा नमुना असेल तर त्यावरच. साध्या लेटरहेडवर आणलेलं परत पाठवलेलं मी बघितलंय
- "माझ्या जबाबदारीवर उतरतोय" या अर्थाचा सही केलेला फॉर्म
- रक्तगट आणि घरच्या माणसाचा नंबर. हा माणूस त्या दिवशी फोन उचलणारा हवा, आणि तुमच्याबरोबरच रेसमध्ये नको. मी साडूचा नंबर दिला होता, म्हणजे दोघंही पाण्यात.

३. पाणी

मला वाटायचं मला पोहता येतं. आजोळी विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून मामाने ढकललं होतं, पुढे कृष्णेच्या घाटावर सुट्ट्या गेल्या. पण ते पोहणं म्हणजे तोंड वर ठेवून हातपाय मारणं, दहा मिनिटं डुंबून काठावर बसणं. टँकवर पहिल्या दिवशी २५ मीटरची एक लेंथ झाली आणि मी बार धरून कुत्र्यासारखा धापा टाकत होतो, मान आखडलेली, आणि शेजारच्या लेनमधून सत्तरीच्या एक आजी शांतपणे जाऊन आल्या.

तर पहिली गोष्ट, तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास पाण्यातच सोडायचा. दम लागतो तो ताकद कमी पडते म्हणून कमी आणि आपण श्वास धरून ठेवतो म्हणून जास्त. तोंड बाहेर आलं की त्याच क्षणात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही असतो, मग धड काहीच होत नाही. टँकवरच्या सरांनी मला दोन दिवस उथळ बाजूला सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत बार धरून बुडबुडे काढायला लावलं. एक पोरगी विचारायला लागली, "काका, तुम्हाला पण मम्मीने पाठवलंय का?" लाज गिळा आणि करा, माझ्या सहा आठवड्यांतला सगळ्यात कामाचा तास तोच होता.

दुसरी गोष्ट, फ्रीस्टाईल येत नसेल तर आता शिकत बसू नका. ट्रायथलॉनमध्ये कुठल्याही स्ट्रोकने पोहलेलं चालतं, ब्रेस्टस्ट्रोक म्हणा, पाठीवर म्हणा, मधे थांबून तरंगलात तरी चालतं. मी साधारण निम्मं ब्रेस्टने गेलो. दमल्यावर पाठीवर होऊन नुसतं तरंगता येणं हा तुमचा खरा विमा आहे, तो आधी काढा.

तिसरी, मोजणी. इथे माझे दोन आठवडे वाया गेले. साडूने सांगितलं पंधरा राउंड झाले की ७५० मीटर. मी पंधरा मोजायला लागलो, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पंधरा झाले, घरी येऊन बायकोला सांगितलं, गुरुवारी पेढे पण आणले. मग कळलं की त्याचा राउंड म्हणजे जाऊन-येऊन, आणि मी नुसतं जाणं एक आणि येणं दुसरं धरत होतो. म्हणजे ३७५ मीटर. तुमच्या टँकची लांबी विचारून घ्या (सगळे टँक २५ चे नसतात) आणि लेंथ मोजा, २५ च्या टँकला ३० लेंथ, ५० च्याला १५.

थंडीत टँक ओस असतात ही आपल्यासाठी चांगली गोष्ट. मे महिन्यात सुट्टीच्या बॅचला सरळ रेषेत दहा मीटर जाता येत नाही. सकाळची पहिली बॅच घ्या, कॉस्च्युम आणि कॅप नसेल तर आत सोडत नाहीत, बर्म्युडा चालत नाही.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, निदान दोनदा तरी उघड्या पाण्यात पोहून या. टँकच्या तळाला काळी रेघ असते, तलावात खाली हिरवा अंधार. आपला हात कोपरापुढे दिसत नाही, आणि नुसतं तेवढ्यानेच छाती धडधडायला लागते. दिशा पण कळत नाही, त्यामुळे सात-आठ स्ट्रोकनंतर डोळे पाण्याच्या वर काढून समोर बघायची सवय लावा. लांबचं मोठं काहीतरी धरा, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, मोबाईलचा टॉवर, कारण रेसमध्ये वळायची खूण म्हणून तरंगत ठेवलेला बोया पाण्याच्या पातळीवरून बऱ्याचदा दिसतच नाही.

पण एकट्याने जायचं नाही. धरणात तर नाहीच, बऱ्याच ठिकाणी पोहायला बंदी आहे आणि ती उगाच नाही, पायाखालची जमीन एका पावलात संपते, खाली गाळ असतो. नदीत ओढ असते आणि जलपर्णी पायात गुंतते. तुमच्या गावात सकाळी नेमाने पोहणारा ग्रुप असतोच, त्यांच्याबरोबर जा, कमरेला बांधायचा रंगीत फुगा मिळतो तो बांधा आणि काठावर एक माणूस कपड्यांनिशी उभा राहू दे.

४. सायकल

नवीन घेऊ नका. भाच्याची एमटीबी (माउंटन बाईक) घ्या, मी तीच घेतली. २० किमी एमटीबीवर तासाभरात आरामात होतात, माझे ५८ मिनिटांत झाले. पुढच्या शॉकअपला लॉक असेल तर तो लावा, नाहीतर निम्मी ताकद त्यात जाते. जाड गुटीचे टायर बदलून गुळगुळीत टायर टाकले तर खूप फरक पडतो आणि खर्च बेताचा असतो. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, अंदाजाने दाबून बघू नका. सीट एवढी उंच करा की टाच पेडलवर ठेवून पेडल खाली गेल्यावर गुडघा सरळ होईल. आपण सगळे शाळेपासून सीट खाली ठेवून चालवतो आणि मग गुडघे दुखतात म्हणतो.

पंक्चर काढायला शिका, म्हणजे ट्यूब बदलायला, रेसमध्ये ठिगळ लावत बसायला वेळ नसतो. मागचं चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून ठेवा, मग चाक सहज निघतं. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर तोच काटा नव्या ट्यूबमध्ये. घरी दोनदा करून बघा.

प्रॅक्टिसबद्दल एकच, उजाडल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा सीझन, ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. अंधारात ती ट्रॉली एकदम समोरच दिसते. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावरूनही चाक घसरतं. आणि कुत्री मागे लागली तर जोरात पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि चालायला लागा, त्यांचा इंटरेस्ट संपतो.

५. पळणं, आणि सायकलवरून उतरल्यावरचे पाय

चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, असं ५ किमी. बास. यावर जास्त लिहायला नाही, फक्त एक गोष्ट सायकलवरून उतरून लगेच पळून बघितल्याशिवाय कळत नाही. पाय आपले वाटतच नाहीत, मांड्या लाकडाच्या, पहिले पाच-सात मिनिटं आपण बैलगाडीतून उतरल्यासारखे पळतो. याच्या प्रॅक्टिसला ब्रिक म्हणतात. रविवारी १५ किमी सायकल मारा, भिंतीला टेका आणि तशाच घामात दोन किमी पळा. असे तीन रविवार झाले तर रेसमध्ये घाबरायला होत नाही, पाय परत येतात हे माहीत असतं.

६. आठवड्यांची मांडणी

पहिले दोन आठवडे चार दिवस टँक, एक दिवस सायकल, दोन दिवस चालत-पळत. तिसऱ्या-चौथ्यात टँक चारच, रविवारी ब्रिक. पाचव्यात एकदा सलग ७५० मीटर झालंच पाहिजे, वेळ कितीही लागो, आणि तलावाच्या दोन्ही फेऱ्या याच सुमारास. सहाव्यात सगळं निम्म्यावर. शेवटच्या आठवड्यात राहिलेलं भरून काढायला गेलेल्या आमच्या एका मित्राने पोटरी धरून घेतली आणि तो काठावरून टाळ्या वाजवत बसला.

पाचव्या आठवड्याअखेर ७५० होत नसेल तर रिलेला वळा किंवा पैसे सोडा. खरंच सोडा.

७. सामान

पोहायला: कॉस्च्युम किंवा ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांना चालणारा एकच सूट, कोणाचा उसना मिळाला तर बघा, विकत घ्यायची गरज नाही), कॅप बहुतेक आयोजकच देतात, वापरून रुळलेला गॉगल आणि एक जास्तीचा. गॉगलला आतून बेबी शॅम्पूचा थेंब फिरवून हलकं विसळलं तर वाफ धरत नाही. मानेला आणि काखेत व्हॅसलिन. वेटसूट (गार पाण्यासाठीचा रबरी सूट) आपल्याकडच्या पाण्यात लागत नाही.

सायकलला: हेल्मेट, जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, पाण्याची बाटली.

पळायला: जुने बूट, मोजे, टोपी, बिब लावायचा इलॅस्टिकचा पट्टा. हा पट्टा नक्की घ्या, सायकलवर नंबर पाठीमागे आणि पळताना पुढे लागतो, पट्टा नुसता फिरवला की झालं. बुटाला इलॅस्टिकची लेस लावली तर गाठ मारायचा वेळ वाचतो, ओल्या गार बोटांनी गाठ बसत नाही.

आणि एक भडक रंगाचा टॉवेल. का ते पुढे.

८. आदल्या दिवशी

बिब घ्यायला जाल तेव्हा ब्रीफिंग असतं, ते ऐका, बोया उजव्या हाताला ठेवायचा की डाव्या ते तिथे सांगतात. कटऑफ (किती वेळात संपवायचं ती मर्यादा) किती ते विचारा, प्रत्येक रेसचा वेगळा असतो. रात्री वरण-भात, तांबडा-पांढरा रेस झाल्यावर. सकाळी दोन तास आधी चहा-पोळी आणि केळं खाल्लं मी, जे रोज चालतं तेच खा. त्या दिवशी नवीन काही नको, नवीन बूट नको, कोणी दिलेली एनर्जी जेल नको.

९. रेसचा दिवस: पाण्यात

वेळ मोजणारी चिप देतात ती डाव्या घोट्याला बांधा, उजवीकडे सायकलची चेन असते. सुरुवातीला सगळ्यात मागे आणि एका कडेला उभे राहा. भोंगा वाजला की पुढच्या गर्दीत लाथा बसतात, गॉगल निघतात, तिथे आपलं काही काम नाही. दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या.

माझं काय झालं सांगतो. पाणी गार, साठ-सत्तर मीटर गेलो असेन, कोणाचा तरी पाय गालावर बसला, घोटभर पाणी आत गेलं आणि श्वास मिळेना. टँकवर शिकलेलं सगळं विसरलो, परत विहिरीतल्यासारखं तोंड वर. मनात एकच, परत फिरू. मग हात वर केला, कयाकवाला (छोट्या होडीतला) पोरगा आला, अठरा-एकोणीसचा असेल, म्हणाला, "काका, धरा, घाई नाय, आधी शिंका-बिंका काय ते काढून घ्या." मिनिटभर कयाकचं टोक धरून थांबलो. हे नियमात बसतं बरं का, बोट किंवा बोया धरून विश्रांती घेता येते, फक्त धरून पुढे सरकायचं नाही. मला हे ब्रीफिंगमध्ये कळलं होतं म्हणून हात वर केला, नाहीतर लाजेखातर बुडालो असतो. मग पाण्यात मोठ्याने बुडबुडे काढले, त्या पोरीची आठवण झाली, आणि ब्रेस्टने हळूहळू निघालो. पोटरीत गोळा आला तर पाठीवर व्हा आणि पायाची बोटं स्वतःकडे ओढा.

पाण्यातून बाहेर आल्यावर एकदम ताठ उभे राहू नका, डोकं गरगरतं. हात जमिनीला लागेपर्यंत पोहा, मग उठा.

१०. ट्रान्झिशन

कपडे-सायकल बदलायची जागा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शेकडो सायकली एकसारख्या टांगलेल्या आणि तुम्ही ओले, चष्म्याशिवाय. सकाळी सायकल लावल्यावर पाण्याच्या बाजूने येऊन रांग मोजा, मी गेटच्या बाजूने मोजली होती, त्यामुळे बायकोचा नारिंगी टॉवेल दिसेपर्यंत तीन रांगा हिंडलो.

नियम तीनच, पण कडक. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेट डोक्यावर आणि बकल बंद, आणि परत आल्यावर सायकल टांगेपर्यंत ते उघडायचं नाही. आत सायकलवर बसायचं नाही, रेघेच्या बाहेर जाऊन बसायचं आणि येताना रेघेच्या आधी उतरायचं. उघड्या अंगाने जायचं नाही. मी बकल उघडं ठेवून सायकल काढली, मार्शलबाईंनी शिट्टी मारून जागेवर परत पाठवलं.

पाय पुसून मोजे घाला, त्यासाठी गेलेली चाळीस सेकंदं पुढचे दोन तास फोड येऊ देत नाहीत.

११. सायकल आणि पळणं

पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर, पाण्याचा घोट घोट. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवू नका, हौशी गटात बहुतेक ठिकाणी १०-१२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंडाचा वेळ लावतात. इअरफोन घरी. शेवटचे दोन किमी परत हलका गिअर लावून पाय भरभर फिरवा, उतरल्यावर मांड्या जरा ऐकतात.

पळताना पहिला किलोमीटर चाललो तरी चालतं. मी ठरवून प्रत्येक पाण्याच्या टेबलाला चाललो, मीठ लावलेलं संत्रं खाल्लं आणि निघालो. तिसऱ्या किलोमीटरला साडू समोरून परत येताना दिसला, हात केला, बोलायची ताकद दोघांतही नव्हती.

१२. झाल्यावर

चिप परत द्या, नाहीतर पैसे कापतात. सायकल बाहेर काढताना बिब दाखवावा लागतो, फाडून टाकू नका. अर्धा तास चालत राहा, खा, आणि लगेच टू-व्हीलरवर घरी निघू नका, पाय ब्रेकवर असतानाच गोळा येतो. आणि ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री रिकामी करा. माझी बुधवारी सापडली, ती पण वासावरून.